लाखोळीची बंदी आणि बंदीबाहेरचे लोक

अपायकारक अन्नघटकांवर शासनाने बंदी घालावी काय, या प्रश्नावर बोलताना आपण सहसा खाणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि शासनाचा अधिकार यांची तुलना करतो. लाखोळीच्या डाळीचा इतिहास पाहिला की ही मांडणी अपुरी वाटू लागते.

लाख, तिवडा, खेसारी ही याच कडधान्याची नावे. पूर्व विदर्भात उभ्या धानाच्या बांधीत, ओलीवर, हिचे बी फेकतात. अवर्षणातही ती तग धरते. म्हणून दुष्काळात गरिबांचा आधार तीच. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सागरकडील हकीकत नोंदवली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अवर्षणाने आणि १८३१ मध्ये रोगाने गहू गेला. तिवडा मात्र फोफावला. लोकांनी तोच खाल्ला. १८३३ पासून तिशीच्या आतील माणसे कमरेखाली एकाएकी लुळी पडू लागली. आयुर्वेदातील ‘कलायखंज’ ही संज्ञा याच व्याधीशी जोडली जाते.

स्वतंत्र भारतात १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत १९६१ साली खेसारीवरील बंदी आली. डाळीतील मज्जातंतूंना घातक असे द्रव्य वेगळे काढले गेले ते त्यानंतर, १९६४ मध्ये. अनुभवाने सिद्ध झालेल्या अपायावर उपाय करण्यासाठी रसायनशास्त्राची वाट पाहिली गेली नाही, हे योग्यच झाले.

परंतु नियमाची शब्दयोजना लक्षपूर्वक वाचावी. मनाई आहे ती विक्रीला, विक्रीसाठी बाळगण्याला आणि विक्रीच्या पदार्थांत घटक म्हणून वापरण्याला. तीही प्रत्येक राज्य ठरवील त्या तारखेपासून. म्हणजे बेसनात भेसळ झाली तर शहरातील गिऱ्हाइकाला संरक्षण मिळाले. वस्तुतः अधूनमधून थोडी लाखोळी पोटात गेल्याने कोणी पंगू होत नाही. काही महिने तीच मुख्य अन्न झाली तरच पाय जातात. असे खाणारा माणूस बाजारात नव्हताच. मध्य प्रदेशातील रीवा भागात भूमिहीन मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जाई. मजुरी ही विक्री नव्हे.

डाळ भिजवून, उकळून, पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच अंश निघून जातो, असे बंदीचे विरोधक सांगतात. ते खरे आहे. पण दुष्काळात पाणी आणि सरपण आणायचे कोठून?

म्हणून बंदी नको, असे आम्ही म्हणत नाही. मात्र वेठबिगारी रद्द करणारा १९७६ चा कायदा आम्हांला या डाळीच्या इतिहासाचाच भाग वाटतो. ज्याच्या ताटात दुसरे काही नाही, त्याला निवडीचे स्वातंत्र्य नसते. आणि केवळ विक्री रोखणारी बंदी त्याच्या ताटापर्यंत पोहोचत नाही.