गोड्या पाण्याचा बांध

समुद्रकाठच्या वाळूत विहीर खणली तर पुष्कळदा गोडे पाणी लागते. समुद्र हाकेच्या अंतरावर असतो, मधे भिंत नसते, तरीही पाणी खारट होत नाही. असे का व्हावे? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि मिळालेले उत्तर विसरल्याची किंमत शेतकऱ्यांना विसाव्या शतकात मोजावी लागली.

उत्तर वर्गातही पडताळता येते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. इंग्रजी यू आकाराच्या नळीत एकीकडे समुद्राच्या पाण्याचा ४० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ असेल, तर त्याला तोलायला दुसरीकडे गोड्या पाण्याचा ४१ सेंटिमीटरचा स्तंभ लागतो. जमिनीखालीही तेच घडते. पावसाचे मुरलेले पाणी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर उभे असेल, तर त्याच्या भाराने खारे पाणी सपाटीखाली सुमारे चाळीस मीटर दबलेले राहते. म्हणजे गोडे पाणी स्वतःच समुद्राला अडवणारा बांध असते.

हा विचार १८२८ साली अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या जोसेफ द्यु कॉमन या शिक्षकाने मांडला होता. पण तो मागे पडला. १८८८-८९ मध्ये बादोन खायबेन या डच लष्करी अभियंत्याने ॲमस्टरडॅमजवळच्या नियोजित विहिरीसंबंधी अहवाल लिहिताना, आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने उत्तर समुद्रातील बेटांच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना, तोच नियम स्वतंत्रपणे शोधला. आज तो या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

नियमाची दुसरी बाजू धोक्याची आहे. उपशामुळे पाण्याची पातळी अर्धा मीटर उतरली, तर कालांतराने खालचे खारे पाणी वीस मीटर वर सरकू शकते. ॲमस्टरडॅम शहराने हे अनुभवले. तेथे १८५३ पासून वाळूच्या टेकड्यांतले पाणी नळाने येऊ लागले. मागणी वाढली तेव्हा १९०३ पासून खोल थरातले पाणीही उपसले जाऊ लागले आणि खारे पाणी वर चढू लागले. अखेर १९५७ पासून ऱ्हाइन नदीचे पाणी आणून त्या वाळूत मुरवण्याची व्यवस्था करावी लागली.

त्याच सुमारास आपल्याकडे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर बदल घडत होता. चोरवाड, मांगरोळ हा भाग नारळीच्या बागांचा आणि पानमळ्यांचा. येथला चुनखडक सच्छिद्र; पाऊस त्यात चटकन मुरतो, पण समुद्रालाही तो तितकाच मोकळा. मोटेने पाणी काढत तोवर उपशाला बैलांच्या ताकदीची मर्यादा होती. डिझेल आणि विजेच्या पंपांनी ती मर्यादा काढून टाकली. पातळी उतरली की विहीर आणखी खोल करायची, ही शेतकऱ्याची रीत. कठीण खडकाच्या प्रदेशात ती उपयोगी पडते. येथे मात्र खोल जाणे म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दिशेने जाणे. विहिरी आटल्या नाहीत, त्या भरलेल्या राहिल्या आणि निकामी झाल्या.

अशा पाण्याने पिकाचे दुहेरी नुकसान होते. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की परासरणाच्या नियमाने मुळांना ते शोषून घेणे कठीण जाते; ओल असूनही रोप तहानेने सुकते. शिवाय सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. नारळ, कापूस काही प्रमाणात तग धरतात. आंबा आणि घेवड्यासारखी पिके लवकर हार खातात.

कोकणातील खाजणांशी याची तुलना करून पाहावी. तेथे भरतीचे पाणी वरून शेतात शिरते, ते डोळ्यांना दिसते आणि मातीच्या बांधाने अडवता येते. भूजलातले आक्रमण खालून येते, आणि त्याविरुद्धचा बांध गोड्या पाण्याचाच असावा लागतो. गुजरात सरकारने १९७६ मध्ये ऊना ते माधवपूर या पट्ट्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमली. तिने सुचवलेल्या उपायांचे सारही हेच होते : उपशावर मर्यादा, पिकांत बदल, नदीमुखांशी भरती अडवणारी दारे, बंधारे आणि पाणी मुरवणारे तलाव. पुढे यांतली बांधकामे बरीच झाली. उपशावर मर्यादा घालणे मात्र अवघड ठरले, कारण विहीर एकेकाची असते आणि खालचे पाणी साऱ्यांचे.

किनाऱ्यावरच्या विहिरीत पाणी किती आहे, एवढेच पाहून म्हणून भागत नाही. ते समुद्रसपाटीच्या किती वर उभे आहे, हे मोजावे लागते. ती उंची हाताच्या वितीएवढी असेल, पण खालचा समुद्र तिनेच धरून ठेवलेला असतो.