कर्जमाफीची वही कुणाच्या हातात?

धामणगाव रेल्वे हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे, वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातले गाव. २००८ साली केंद्राने शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. पूर्ण माफी फक्त दोन हेक्टरपर्यंत. बागायती पाच एकरवाला सुटला; वऱ्हाडातल्या सहा एकर कोरडवाहूवाल्याने बाकीची रक्कम भरली तरच त्याला थोडी सूट. सावकाराचे कर्ज हिशेबातच नव्हते. आणि ज्या शेतमजुराच्या नावावर सातबाराच नाही, त्याला माफ करायला बँकेचे कर्ज तरी कुठे होते?

हा दोष धोरणाचा. पण बँकांचे काय? २०१३ साली कॅगचा अहवाल आला. लाभ न मिळालेली ९,३३४ खाती तपासली, तर १,२५७ शेतकरी पात्र असूनही वगळलेले निघाले. २,८२४ प्रकरणांत नोंदींमध्ये खाडाखोड, फेरफार दिसला. ही नुसती कारकुनी चूक म्हणायची का? जो वही लिहितो, तोच पात्र कोण ते ठरवतो आणि दावाही तोच करतो. अशा ठिकाणी गरिबाची बाजू कोण मांडणार?

१९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये बाबासाहेबांनी हाच मुद्दा चलनाबाबत मांडला होता: चलन सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नका, नियमाने बांधा. बँकेच्या टेबलालाही तेच लागू आहे. साहेब भला माणूस असेल, पण भलेपणावर हक्क टिकत नाही. म्हणून यादी ग्रामसभेत वाचा, नकाराचे कारण लेखी मागा. पासबुक वाचायला शिकणे हीसुद्धा चळवळच आहे.