डिझेल यंत्राची विद्या

आपल्या कोळी बांधवांच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या शिडावर चालल्या. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांत डिझेल इंजिने आली. या यंत्राचे जनक रुडॉल्फ डिझेल. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९३ साली त्यांचे पहिले यंत्र स्वबळावर चाललेच नाही. पूर्ण यश १८९७ साली लाभले. यात ठिणगी नसते; दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेटते. म्हणून इंजिन सुरू न झाल्यास प्रथम टाकी व फिल्टर पाहावा. नळीत हवा शिरली असल्यास पंपाजवळील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावे. तरीही न पेटल्यास रिंगा वा व्हॉल्व्ह झिजून दाब सुटतो काय, हे तपासावे. भर दर्यात मिस्त्री भेटत नाही. वाऱ्याची पारख मुलांना देणाऱ्या तांडेलांनी ही विद्याही अवश्य द्यावी.