जात्यावरचे मागणे

आपल्या आज्या-पणज्यांना लिहितावाचता येत नव्हते, म्हणून त्यांचा इतिहास उरला नाही, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु तो जात्यावरच्या ओव्यांत उरला आहे. आणि त्या ओव्या नीट ऐकल्या तर त्यांत पावलोपावली मदतीची हाक आहे.

संत जनाबाई मूळची गंगाखेडची. लहानपणीच ती पंढरपुरास नामदेवांच्या घरी आली आणि तिचा सारा जन्म तेथे दासीपणात गेला. दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणे ही तिची रोजची कामे तिच्या नावावरील अभंगांत आहेत, आणि त्या कामांना हात लावावयास प्रत्यक्ष विठ्ठल येतो. आपण हा चमत्कार म्हणून ऐकतो. पण चौदाव्या शतकातील एका दासीने ‘मला जरा हात द्या’ असे त्या घरात कोणाला म्हणावे? तिने ते देवाला म्हटले, आणि म्हणताना आपले एकटेपण लपविले नाही.

पुढे घरोघरच्या सासुरवाशिणीने हेच केले. ‘मी थकले’ हे शब्द दिवसा उच्चारण्याची सोय नव्हती. पहाटे घर निजलेले असताना ती जात्यालाच ईश्वर मानून मनातले सांगे. भावाने माहेरी न्यावे, आईने जवळ घ्यावे, एवढेच मागे. जात्याच्या घरघरीने तिला धीर येई. समोर जाऊ किंवा नणंद बसली म्हणजे खुंट्याला दुसरा हात लागे आणि पुढची ओवी तीच उचलून धरी. दुःख एकीचे असले तरी ओवी दोघींची होई.

साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्री जीवन’मध्ये संग्रहित केल्या. पुढे १९८० नंतरच्या काळात पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एवढे बायकांनी मागितले होते!

पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले. हातांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. मात्र मन मोकळे करण्याची ती जागाही त्याबरोबर गेली. आज शिकलेली, मिळवती स्त्रीदेखील विचारले असता ‘सगळे ठीक आहे’ म्हणून हसते. मदत मागण्यात कमीपणा असता, तर जनाबाईने ती मागितली नसती. भगिनींनो, वर्धापनदिनी आपण एवढेच ठरवू या : मंडळात येणाऱ्या कोणीही खुंटा एकटीने ओढू नये, आणि समोर बसावयास आपण बोलावण्याची वाट पाहू नये.