न थांबणारी लेखणी
उज्जैनचे प्रभाकर माचवे आणि मुक्तिबोध बंधू

महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीला पाचारण केले, ही कथा गणेशोत्सवात कुठल्या ना कुठल्या कीर्तनात येतेच. गणपतीने अट घातली, की लेखणी एकदा चालू झाली की ती क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग व्यास मधूनमधून कूटश्लोक घालीत, गणपती अर्थ लावायला थबके, आणि तेवढ्या वेळात व्यास पुढची रचना करून घेत. परंपरा या कूटश्लोकांची संख्या ८,८०० सांगते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेत नाही, ती परिशिष्टात गेली आहे. पण ती मागाहून कोणी घातली असेल, त्याला लेखनाचा व्यवसाय आतून माहीत होता, यात शंका नाही.

ज्याला पुष्कळ आणि वेगाने लिहायचे असते, त्याच्या एकाच डोक्यात गणपतीही बसलेला असतो आणि व्यासही. एक म्हणतो, थांबू नकोस; दुसरा म्हणतो, समजल्याशिवाय लिहू नकोस. त्यातून लेखक कादंबरीकार असेल, आणि आज सामाजिक, उद्या ऐतिहासिक, परवा विनोदी असे प्रकार बदलत लिहीत असेल, तर हे भांडण रोजचेच. आपल्या उज्जैनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्याला दोन मराठी घरांतले तीन लेखक या भांडणातून गेले. तिघांनी त्याची तीन वेगळी उत्तरे दिली. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी जरा पुण्याला जाऊन यायला हवे, कारण आपल्या भाषेत या प्रश्नाला पहिला मोठा सामना दिला तो हरिभाऊंनी.

दर आठवड्याचा हप्ता

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. ते पुढे पाव शतकाहून अधिक काळ चालले. अंकातला बराच मजकूर हरिभाऊंच्याच हातचा असे. कादंबरीचा हप्ता त्यात असायचाच. याच्या जोडीला आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था आणि पुण्याच्या नगरपालिकेचे काम होते. म्हणजे निवांतपणा मिळाला की लिहू, अशी सोय त्यांना कधीच नव्हती.

या पहिल्या सात वर्षांत त्यांनी काय काय लिहिले ते पाहण्याजोगे आहे. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमू या मुलीने सांगितलेली आत्मकथा. तिच्यामागून आलेली ‘मी’ हीसुद्धा आत्मकथाच, पण एका ध्येयवादी पुरुषाची. आणि १८९५ पासून ‘उषःकाल’, शिवकाळातली ऐतिहासिक कादंबरी. पुढे ‘गड आला पण सिंह गेला’ तानाजीवर, ‘चंद्रगुप्त’ मौर्यकाळावर, ‘वज्राघात’ विजयनगरच्या पाडावावर. मधल्या काळात ‘स्फुट गोष्टी’ होत्या, मोलिएरच्या नाटकावरून केलेला ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ होता. काळ बदलला, प्रांत बदलला, निवेदक बाईचा पुरुष झाला, आणि छापखान्याची घाई मात्र तीच राहिली.

हे त्यांना कसे जमले? मला वाटते, हरिभाऊ प्रकार बदलत होते, पण चिंता बदलत नव्हते. यमूच्या सासरी असो की आदिलशाहीतल्या किल्ल्यावर, अन्यायाच्या कोंडीत सापडलेला माणूस काय करतो, हाच त्यांचा प्रश्न होता. प्रश्न आतून पक्का असला की वेश बदलायला वेळ लागत नाही.

किंमत मात्र द्यावी लागली. त्यांच्या कादंबऱ्यांतला पाल्हाळ समीक्षकांनी वारंवार दाखवला आहे. हप्त्याने लिहिणाऱ्याला मागे जाऊन खोडता येत नाही. ‘गणपतराव’ आणि ‘सूर्यग्रहण’ तर अपुऱ्याच राहिल्या. तरीही १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते याच धावत्या लेखणीमुळे.

एका वयाचे दोघे

आता उज्जैन. अठराव्या शतकात शिंद्यांच्या राज्याबरोबर मराठी कुटुंबे इथे आली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतोच. दीड-दोनशे वर्षांत मराठी घरे दरबारात, देवळांत, शाळांत, पोलिसात रुजली. घरात मराठी, बाहेर मालवी आणि हिंदी, कचेरीत इंग्रजी, असा संसार होता. अशा घरातल्या मुलाने लिहायला घेतले तर कोणत्या भाषेत घ्यायचे, हा प्रश्न वेगाच्याही आधीचा.

१९१७ साली ग्वाल्हेर संस्थानात दोन मराठी मुले दीड महिन्याच्या अंतराने जन्मली. १३ नोव्हेंबरला श्योपूरला गजानन माधव मुक्तिबोध आणि २६ डिसेंबरला ग्वाल्हेरला प्रभाकर माचवे. मुक्तिबोधांचे वडील माधवराव पोलीस खात्यात होते, आणि गजाननाचे शालेय शिक्षण बरेचसे उज्जैनला झाले. माचवे १९३८ च्या सुमारास माधव कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले आणि दहा वर्षे इथे राहिले. अज्ञेयांनी १९४३ साली ‘तार सप्तक’ हा संग्रह संपादित केला, आणि हिंदी कवितेचे वळण तिथून बदलले असे मानले जाते. त्यातल्या सात कवींपैकी दोन मराठी मातृभाषेचे होते, आणि ते दोघेही आपल्या गावाशी बांधलेले. क्षिप्रेच्या काठच्या मराठी घरांनी हिंदीला दिलेली ही देणगी लहान नाही.

इथून दोघांच्या वाटा मात्र अगदी उलट गेल्या.

माचवे : शंभरावर पुस्तके

माचव्यांनी हिंदी, मराठी आणि इंग्रजी मिळून शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. ‘परंतु’, ‘द्वाभा’, ‘साँचा’, ‘एकतारा’, ‘तीस-चालीस-पचास’ या कादंबऱ्या. ‘स्वप्नभंग’, ‘अनुक्षण’ हे कवितासंग्रह. ‘खरगोश के सींग’ हे विनोदी निबंध. अमेरिकेत शिकवून आल्यावर लिहिलेले ‘गोरी नज़रों में हम’. शिवाय समीक्षा, अनुवाद, चरित्रे. साहित्य अकादमीसाठी केशवसुतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तिका लिहिली, तशीच राहुल सांकृत्यायनांवरही. अनेक हिंदी लेखकांनी मिळून ‘ग्यारह सपनों का देश’ ही कादंबरी लिहिली, त्यांतही माचवे होते. एकाने एक प्रकरण लिहायचे आणि पुढच्याच्या हाती द्यायचे, असा तो प्रयोग. दुसऱ्याने जिथे सोडले तिथून दिलेल्या मुदतीत कथा उचलायची, हे येरागबाळ्याचे काम नाही.

हा वेग आला कुठून? स्वभाव होताच, पण त्यांच्या नोकऱ्याही पाहाव्यात. उज्जैन सोडल्यावर १९४८ ते १९५४ ते आकाशवाणीवर होते. रेडिओचे लेखन मिनिटांच्या मापाने होते. भाषण, रूपक, संवाद, जे लागेल ते वेळेवर हवे. प्रक्षेपणाची वेळ कोणासाठी थांबत नाही. त्यानंतर १९५४ साली नव्याने स्थापन झालेल्या साहित्य अकादमीत ते गेले आणि पुढे तिचे सचिव झाले. तिथे अमुक भाषेतला लेखक तमुक भाषेला समजावून सांगणे हे रोजचे काम. मग कोलकात्याची भारतीय भाषा परिषद, आणि शेवटी इंदूरला ‘चौथा संसार’ या दैनिकाचे संपादन. १९९१ साली इंदूरलाच ते गेले, तोवर लेखणी चालूच होती.

म्हणजे माचव्यांचे लेखन हे दुभाष्याचे लेखन होते. दोन माणसे समोरासमोर उभी असताना दुभाष्याला, उद्या विचार करून सांगतो, असे म्हणता येत नाही. केशवसुत कोण, हे मराठी न जाणणाऱ्याला आज सांगायला हवे होते, आणि ते सांगणारा दोन्हीकडचा माणूस हवा होता. त्यांनी प्रकार इतके बदलले, कारण ज्या ज्या ठिकाणी पूल नव्हता तिथे ते उभे राहिले.

पण कादंबरीचे काय? त्यांच्या कादंबऱ्या आटोपशीर आणि विचारप्रधान आहेत. कल्पना पुढे धावते आणि पात्रे तिच्यामागून येतात. हिंदी कादंबरीच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार पाने येत नाहीत, आणि मराठीने तर त्यांना जवळजवळ हिंदीचेच मानून सोडून दिले. गणपतीची अट त्यांनी जन्मभर पाळली. व्यासांची अट निबंधात आणि परिचयात पाळली, कादंबरीत मात्र कूटश्लोकापाशी थबकायला त्यांना सवड झाली नाही.

मुक्तिबोध : दोन वेग

गजानन माधव मुक्तिबोध नेमके तिथेच थबकले. एकेक दीर्घ कविता ते वर्षानुवर्षे लिहीत, मोडीत, पुन्हा लिहीत. ‘अँधेरे में’ ही आज हिंदीतली सर्वांत चर्चिलेली दीर्घ कविता, पण ती छापून आली नोव्हेंबर १९६४ मध्ये, आणि मुक्तिबोध ११ सप्टेंबरलाच गेले होते. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र संग्रहही त्याच वर्षीचा; तो त्यांना पाहता आला नाही. ‘विपात्र’ ही छोटी कादंबरी मृत्यूनंतर आली. पुढे १९८० साली नेमिचंद्र जैन यांनी त्यांची रचनावली सहा खंडांत काढली, तेव्हा लोकांना कळले की हा माणूस किती लिहून बसला होता.

तेव्हा त्यांना ‘कमी लिहिणारे’ म्हणता येत नाही. संसार चालवण्यासाठी त्यांनी नागपूरच्या साप्ताहिकांत राजकारणावर भराभर लेख लिहिले, तेही टोपणनावांनी. ती नावे वाचून उज्जैनकराचा ऊर भरून येतो : एक ‘अवंतीलाल गुप्त’ आणि दुसरे ‘यौगंधरायण’. अवंती तर आपली नगरीच. आणि यौगंधरायण हा उदयनाचा मंत्री, ज्याने आपल्या राजाला या नगरीतल्या प्रद्योताच्या कैदेतून सोडवले. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तकही लिहिले. १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली, आणि तो घाव त्यांना खोल लागला.

एकच माणूस, एकच लेखणी, आणि तिचे दोन वेग. पोटासाठीचे लेखन मुदतीत होत असे, आणि कविता मात्र स्वतःची मुदत स्वतः ठरवत असे.

शरच्चंद्र : पंधरा वर्षांत तीन

तिसरे उत्तर धाकट्या भावाचे. शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) यांनी मराठीतच लिहिले. आरंभ कवितेने, ‘नवी मळवाट’ १९४९ साली. मग १९५४ मध्ये ‘क्षिप्रा’ ही कादंबरी. तिच्या नावातच आपली नदी आहे. बिशू नावाच्या मध्यमवर्गीय मुलाचे मन स्वातंत्र्यलढ्याच्या वातावरणात कसे घडत जाते, याची ती कथा. तिचा पुढचा भाग ‘सरहद्द’ १९६२ मध्ये आणि तिसरा ‘जन हे वोळतु जेथे’ १९६९ मध्ये आला. तीन भागांना पंधरा वर्षे. मधल्या काळात ‘यात्रिक’ हा कवितासंग्रह, नागपूरला अध्यापन, आणि समीक्षेचा विचार चालू होता. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कवी, कादंबरीकार, समीक्षक : प्रकार त्यांनीही बदललेच. पण एकातून दुसऱ्यात जाताना ते घाई करीत नाहीत. बिशू जसा वयाने वाढतो, तसा लेखकही वाढत राहतो, आणि पुढचा भाग तेवढी वाढ होईपर्यंत थांबतो.

आपल्या कपाटात कोण?

या तिघांना एका रांगेत उभे करून कोण मोठा, असे ठरवणे सोपे आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. हप्ता चुकू द्यायचा नाही म्हणून हरिभाऊ लिहीत राहिले, तेव्हा मराठीला कादंबरी वाचण्याची सवय लागली. माचवे धावले नसते तर मराठीचा बराचसा परिचय हिंदी वाचकाला उशिरा झाला असता. गजानन मुक्तिबोध थांबले नसते तर हिंदीला तिची ती कविता मिळाली नसती. आणि शरच्चंद्रांनी पंधरा वर्षे घेतली नसती तर आपल्या नदीच्या नावाची कादंबरी इतकी खोल गेली नसती. वेग हा गुण नाही आणि दोषही नाही. हातातले काम कोणता वेग मागते, हे ओळखणे हा गुण.

एक खंत मात्र नोंदवायला हवी. आपल्या घरांतून ‘मृत्युंजय’ आणि ‘स्वामी’ सापडतात, आणि सापडावीतच. पण ‘क्षिप्रा’ किती घरांत आहे? नव्या पिढीची मुले शाळेत हिंदी शिकतात, मुक्तिबोध परीक्षेपुरते वाचतात, आणि हा कवी आपल्यासारख्याच मराठी घरात वाढला हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. माचव्यांचे तर नावही नव्याने सांगावे लागते.

गणेशोत्सवात आपण मुलांसाठी स्पर्धा घेतो, व्याख्याने ठेवतो. एका संध्याकाळी या तिघांची एकेक रचना मोठ्याने वाचून दाखवायला काय हरकत आहे? ‘खरगोश के सींग’मधला एखादा निबंध, ‘क्षिप्रा’चे एखादे प्रकरण, आणि ‘अँधेरे में’चा थोडा भाग. पहिल्याला मुले हसतील, दुसऱ्यात त्यांना आपले गाव दिसेल, आणि तिसरा कळायला त्यांना थबकावे लागेल. थबकू द्यावे. गणपतीसुद्धा थबकत होता.