मिठाच्या वसुलीदाराचा कालवा

दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरातून भूमध्य समुद्राकडे निघालेला 'कनाल द्यु मिदी' सुमारे २४० किलोमीटर लांब आहे. काठच्या उंच वृक्षांच्या सावलीतून नौका संथपणे सरकते. ही वृक्षराजी मात्र पुढच्या काळातील. २००६ साली आढळलेल्या बुरशीच्या रोगापायी तीतले हजारो वृक्ष तोडावे लागले. आम्हांला कुतूहल आहे ते पाण्याचे.

वाटेत नोरूझची खिंड १८९ मीटर उंचीवर आहे. नौका चढविणाऱ्या वा उतरविणाऱ्या जलपाशाचे दार उघडले की माथ्यावरचे पाणी खाली जाते. मग माथा भरलेला राहावा कसा? हे कोडे सोडविले पिएर-पोल रिके या मिठावरील कर वसूल करणाऱ्या गृहस्थाने. (मिठाचा कर तिथेही लोकांना जाचतच होता!) काळ्या डोंगरातील ओढे नोरूझकडे वळविण्याची त्याची योजना १६६२ साली तुलूझच्या आर्चबिशपांच्या साह्याने मंत्री कोल्बेर यांच्यापर्यंत पोहोचली. १६६६ साली चौदाव्या लुईचा हुकूम निघाला.

ओढ्यांचे पाणी साठविण्यासाठी सें-फेरेओलचे धरण उभे राहिले. एका काळी सुमारे बारा हजार मजूर खपत होते. त्यांत स्त्रियाही होत्या. रविवार, सण व पावसाचे दिवस यांची मजुरी रिके कापीत नसे. स्वतःचा पैसाही त्याने यात ओतला. ऑक्टोबर १६८० मध्ये तो वारला. कालवा खुला झाला मे १६८१ मध्ये. कर्ज वारसांच्या माथी राहिले.

नोरूझहून उतरणारी नौका आजही त्याच डोंगराच्या पाण्यावर चालते.