काट्याचा काटा कोण तपासतो?

वऱ्हाडात कापसाच्या बाजारासाठी १८९७ सालीच कायदा झाला. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. म्हणजे मापाची भांडणं इथे जुनीच. पारडी रिकामी असताना एक झुकली, तर दुसरीत पासंग टाकायचा. ‘पासंगालाही पुरत नाही’ म्हणतो ना, तोच हा.

पण पासंगाने पारडी समान होतात, वजन खरं ठरत नाही. ८० तोळ्यांचा सरकारी शेर ९३३ ग्रॅमचा. गावोगावचे शेर मात्र वेगळे. १९५६च्या कायद्याने किलो आला आणि त्याच्यामागे एक साखळी आली. बाजारातला काटा निरीक्षकाच्या वजनाशी ताडायचा, ते वजन त्याहून अचूक वजनाशी, असं करत थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. तिथली ५७ क्रमांकाची प्रत पॅरिसजवळच्या मूळ ठोकळ्याशी जुळवलेली. २०१९मध्ये तो ठोकळाही निवृत्त झाला. किलो आता प्लांकच्या स्थिरांकावर उभा आहे.

क्विंटलमागे एक किलोचा फरक म्हणजे शंभरातला एक रुपया गेला. म्हणून मी काट्यावरचा शिक्का बघतो. पण सीसीआय आठ टक्क्यांवरच्या ओलाव्याला भाव कापते, बारावर कापूस घेतच नाही. मग ओलावा मोजणारं ते छोटं यंत्र शेवटचं कधी तपासलं, हेही विचारतो.